घोडबंदर रोडचं पिकलबॉल कोर्ट: ग्रुप घेऊन येणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

पिकलबॉल म्हणजे भोकं असलेला प्लास्टिकचा बॉल आणि रॅकेटसारखं सपाट पॅडल घेऊन, मधे नेट लावून खेळायचा खेळ. ह्या जागेबद्दल लोक लिहितात ते साधारण "कोर्ट छान, लाईट छान, स्टाफ चांगला" एवढंच असतं, आणि ते खरंही आहे, पण मी इथे शनिवारी संध्याकाळी बारा-चौदा जणांचा ग्रुप घेऊन येते आणि ग्रुप आणणाऱ्याला बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात. चार मित्र येऊन तासभर खेळून गेले तर कुठलंही कोर्ट चालून जातं. पण बारा जण, त्यात दोन कॉलेजची मुलं, तीन-चार साठीच्या पुढचे काका-काकू, एखादी नुकतीच शिकायला लागलेली, एखादा पंधरा वर्षं बॅडमिंटन खेळलेला, असे सगळे एकत्र आले की जागा कशी चालवतात ह्यावरच संध्याकाळ चांगली जाते की वाईट ते ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकते, ठाण्यात ग्रुपसाठी मी बघितलेल्या जागांमध्ये ही मला सगळ्यात जास्त आवडते आणि त्याचं मुख्य कारण सरफेस नाही, रोटेशन आहे, म्हणजे कोणी कधी खेळायचं आणि कधी बसायचं ह्याच्या पाळ्या लावणं.

बाकीच्या बऱ्याच ठिकाणी तुम्हाला कोर्ट देतात, लाईट लावतात आणि विषय संपला. मग काय होतं, जे चार जण चांगले खेळतात ते कोर्टवर चिकटून बसतात, "अरे एकच गेम अजून" करत करत अर्धा तास जातो आणि नवीन आलेली माणसं बाकावर मोबाईल बघत बसतात आणि पुढच्या आठवड्यात येतच नाहीत. असे ग्रुप मोडताना मी बघितलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा खेळ अशा सगळ्यांसाठी आहे ज्यांना बाकी कुठल्या खेळात कोणी टीममध्ये घेत नाही.

इथे ग्रुप बुकिंग केलं की कोर्टवरचा एक दादा तुमच्यासोबत असतो आणि त्याच्याकडे एक व्हाईटबोर्ड आणि नंबरचे मॅग्नेट आहेत. आल्या आल्या प्रत्येकाने एक नंबर घ्यायचा, तो बोर्डवर कोर्ट एक, कोर्ट दोन आणि "बसलेले" असे तीन कप्पे करून नंबर लावतो. 12 मिनिटांनी बझर वाजतो, जो स्कोअर असेल तिथे गेम संपला, कोण पुढे आहे तो जिंकला, बरोबरी असेल तर एक पॉइंट खेळायचा. मग दोन-तीन मिनिटांत पाणी पिऊन नवीन जोड्या. म्हणजे एक राऊंड धरून चालूया 15 मिनिटांचा, दोन तासांत आठ राऊंड. दोन कोर्टवर एका वेळी आठ जण, आठ राऊंड म्हणजे 64 जागा, बारा जण असतील तर प्रत्येकाला पाच किंवा सहा गेम मिळतात आणि दोन गेम खेळलं की एकदा बसायचं, जे खरं तर हवंच असतं, कारण ठाण्याच्या घामात सलग तीन गेम काढले की चौथ्याला पाय उचलत नाहीत. चौदा जण आले तरी चालतं, साडेचार गेम पडतात. सोळा झाले की मात्र प्रत्येकाला चारच गेम आणि अर्धा वेळ बाकावर, तेव्हा सरळ तिसरं कोर्ट घ्या, मग प्रत्येकाला सहा गेम येतात.

जिंकणारे कोर्टवर राहणार आणि हरणारे बाहेर, ही पद्धत बऱ्याच ओपन प्लेला, म्हणजे ग्रुप न करता कोणीही येऊन खेळायचं तिथे, असते, इथेही सकाळच्या ओपन प्लेला पॅडल रॅक असतो, म्हणजे भिंतीवरच्या खाचांत आपापलं पॅडल ओळीने लावायचं आणि पुढची चार पॅडल ज्यांची ते आत जातात. गर्दी कमी असेल तर जिंकलेले दोघं राहतात पण जोडी फोडून समोरासमोर उभे राहतात, गर्दी जास्त असेल तर चौघंही बाहेर. हे अनोळखी लोकांसाठी अगदी योग्य आहे. पण ओळखीच्या मिश्र ग्रुपला मी तरी हे कधी सुचवणार नाही, कारण हरणारी माणसं तीच तीच असतात आणि मग तीच तीच बसतात. बझर आणि बोर्डवाली पद्धत जास्त न्यायाची आहे. इथल्या दादाचं विशेष कौतुक ह्यासाठी की तो फक्त नंबर फिरवत नाही, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडपर्यंत कोण कसं खेळतंय ते कळलेलं असतं आणि तो न बोलता एक जोरदार आणि एक नवीन अशा जोड्या करून समोरासमोर उभ्या करतो, आणि शेवटच्या दोन राऊंडला चांगले चार एका कोर्टवर टाकतो म्हणजे त्यांचीही हौस भागते. आठच जण असाल तर त्याच्याकडे सात राऊंडचा तयार तक्ता आहे, त्यात प्रत्येक जण प्रत्येकाचा एकदा पार्टनर होतो आणि प्रत्येकाच्या विरुद्ध दोनदा खेळतो, तो जरूर मागून घ्या, खूप मजा येते.

आता पैशांचं. शनिवार-रविवार संध्याकाळी एका कोर्टला तासाला हजार घेतात, सकाळी आणि वीकडेला कमी. दोन कोर्ट दोन तास म्हणजे चार हजार, बारा जणांत प्रत्येकी तीनशे तेहतीस आणि काहीतरी, आम्ही साडेतीनशे घेतो आणि वरचे पैसे बॉलच्या खर्चाला जातात. तीन कोर्ट आणि सोळा जण केलं तर पावणेचारशे पडतात. ग्रुपचे म्हणून वेगळे चार्जेस नाहीत, बोर्डवाला दादा त्यातच आला, ही फार मोठी गोष्ट आहे. अर्धं ॲडव्हान्स यूपीआयने द्यावं लागतं आणि 24 तास आधी कॅन्सल केलं तर पुढच्या स्लॉटला वळतं करतात, पैसे परत नाही देत. मला हे चालतं. काही जणांना महाग वाटेल, पण दोन तास खेळून घोट दोन घोट पाणी पिऊन निवांत गप्पा मारून घरी जायचं ह्याला ठाण्यात साडेतीनशे रुपये मी तरी जास्त म्हणणार नाही.

एक गोष्ट कोर्टवाल्यांच्या हातात नाही, ती आपणच सांभाळायची आणि ती म्हणजे यादी. प्लेओ किंवा हडलसारख्या ॲपवर कोर्ट मिळतं, प्लेओवर तर गेम टाकून अनोळखी खेळाडूही जोडता येतात, पण आपला ठरलेला ग्रुप असेल तर शेवटी सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. तिथे पोल टाकू नका. पोलमध्ये बारा जागा झाल्या की थांब असं सांगता येत नाही, वीस जण "येणार" दाबतात आणि त्यातले तिघं शनिवारी दुपारी गुपचूप मत बदलतात. आमच्याकडे जुनी पद्धत, बुधवारी रात्री 1 ते 12 आकड्यांची लिस्ट टाकायची, प्रत्येकाने कॉपी करून आपलं नाव घालून परत टाकायची, तेराव्यापासून वेटिंग. दोघांनी एकाच वेळी कॉपी केली की एकाचं नाव गायब होतं, म्हणून एकच माणूस फायनल लिस्ट टाकेल हा नियम हवाच. आणि नाव पक्कं कधी, तर पैसे आल्यावर. शुक्रवारी रात्रीपर्यंत पैसे नाही आले की वेटिंगमधला वर. सुरुवातीला लोकांना हे कडक वाटतं, "आपल्याच माणसांकडे काय पैसे मागतेस" असंही ऐकून घ्यावं लागतं, पण आयत्या वेळी दोघं गळाले की बाकीच्यांना खिशातून भरावं लागतं, आणि रोटेशनचं गणितही बिघडतं, त्यामुळे ह्यात ढिलाई नको. आजारी पडलं किंवा घरात काही झालं तर अर्थातच पैसे परत, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

कोर्टबद्दल. चार कोर्ट आहेत, वर उंच पत्र्याची शेड, बाजू उघड्या. खेळाचं कोर्ट 20 फूट बाय 44 फूट, म्हणजे बरोबर बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टएवढं, आणि ते उगाच नाही, 1965 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम ह्यांनी हा खेळ सुरू केला तोच मुळी घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर. पण आतलं माप सगळीकडे सारखंच असतं, फरक पडतो तो बाहेरच्या मोकळ्या जागेत. कोर्ट धरून एकूण निदान 30 बाय 60 फूट तरी हवी आणि 34 बाय 64 मिळाली तर उत्तम, हे बुकिंगच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या. फुटबॉल टर्फची जागा कापून घाईघाईत चार कोर्ट बसवलेली ठिकाणं मी पाहिलीत, तिथे बेसलाईनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या, मागे तीन पावलांवर जाळी, माणूस लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच बॉल, घ्यायला गेला की थेट जाळीत. इथे मागे भरपूर जागा आहे आणि कोर्टांच्या मध्ये कमरेएवढी जाळी आहे त्यामुळे शेजारचा बॉल पायात येत नाही. ग्रुपमध्ये ज्येष्ठ मंडळी असतील तर मी म्हणेन की भाव पन्नास-शंभर रुपये कमी आहे की जास्त हे नंतर बघा, आधी ही जाळी बघा, कारण पायाखाली आलेला बॉल हा ह्या खेळातला सगळ्यात मोठा धोका आहे.

सरफेस ॲक्रिलिक, खाली काँक्रीट, पकड चांगली. नेट बाजूला 36 इंच आणि मधे 34 इंच हवं, इथे मधला पट्टा ताणून बरोबर 34 ला ठेवलेला असतो, मी मोजलंय. लाईट कोर्टच्या बाजूने आहेत, बेसलाईनच्या मागून नाहीत, म्हणून वर बघून मारताना डोळ्यात जात नाहीत.

बॉल आपले न्या. ते देतात, पण दिवसभर मार खाल्लेले असतात आणि भोकांच्या मध्ये बारीक चीर गेलेली असते, ती दिसत नाही, फक्त आवाज बद्द येतो आणि बॉल वेडावाकडा उसळतो. बाजू उघड्या असल्यामुळे संध्याकाळी वारा येतो, म्हणून 40 भोकांचे आउटडोअर बॉल घ्या, 26 भोकांचे इनडोअरवाले मऊ असतात आणि वाऱ्याला जास्त वाहतात. दोन कोर्टला दोन तासांसाठी चार चांगले बॉल पुरतात.

भाड्याची पॅडल 50 रुपयाला मिळतात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी चालतील, पण ग्रिप घामाने गुळगुळीत झालेल्या आहेत आणि हा जागेचा खरंच कमजोर भाग आहे, एक ग्रिप बदलायला कितीसा खर्च येतो. आमच्याकडे ग्रुपची म्हणून तीन जास्तीची पॅडल ठेवली आहेत आणि ओव्हरग्रिपचा एक पुडा.

नवीन माणसं आली की त्यांना थेट गेममध्ये ढकलू नका. स्लॉटच्या दहा मिनिटं आधी बोलवा. ह्या जागेवर एका टोकाला भिंत आहे, तिच्यावर बॉल मारत मारत नियम सांगता येतात. चारच गोष्टी पुरतात. सर्व्हिस खालून, कमरेच्या खाली बॉल मारून, तिरकी. सर्व्हिस आल्यावर एक टप्पा पडू द्यायचा आणि ती परत गेल्यावर सर्व्हिस करणाऱ्यांनीही एक टप्पा पडू द्यायचा, त्यानंतर हवेत मारलं तरी चालेल. नेटपासून सात फुटांचा पट्टा म्हणजे किचन, त्यात उभं राहून हवेतला बॉल मारायचा नाही, आणि हवेतला बॉल बाहेरून मारून झोकात आत पाय पडला तरी फॉल्ट. चौथं, 11 पॉइंटचा गेम, पॉइंट सर्व्हिस ज्याची त्यालाच. तीन आकड्यांचा स्कोअर, शून्य-शून्य-दोन वगैरे, म्हणजे आपले पॉइंट, समोरच्यांचे पॉइंट आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा, पहिल्या दिवशी कोणाच्याच डोक्यात शिरत नाही, तो पार्टनरने बोलावा. हे सगळं माझ्या आधी दादाच सांगून मोकळा होतो, आणि मराठीत सांगतो, समोरच्या काकूंना "अहो काकू, पाय बघा पाय" म्हणतो पण असं म्हणतो की त्यांना लागत नाही, उलट त्याच सगळ्यात जास्त उत्साहाने येतात.

बॅडमिंटनवाल्यांचं वेगळं असतं. त्यांना वाटतं रॅकेटच आहे, मनगट चाललं की झालं, आणि पहिले दोन आठवडे ते प्रत्येक बॉल स्मॅश करतात. मग हळूहळू कळतं की इथे नेटजवळ येऊन हलक्या हाताने किचनमध्ये बॉल टाकत राहणं, म्हणजे डिंक, हाच खरा खेळ आहे, आणि पासष्टीचे काका उभ्या उभ्या पंचविशीच्या मुलाला दमवतात. मला हा खेळ आवडतो तो ह्यासाठी. आपल्याकडे बॅडमिंटनचं वेड जुनं आहे, सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांपासूनचं, आणि त्यांचेच चिरंजीव गौरव नाटेकर, स्वतः टेनिसवाले, ह्यांनी वर्ल्ड पिकलबॉल लीग काढली आणि 2025 च्या सुरुवातीला मुंबईत पहिला सीझन झाला. त्याच्या कितीतरी आधी सुनील वालावलकरांनी हा खेळ परदेशात बघून मुंबईत आणला आणि 2008 मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. तेव्हा ह्याला कोणी विचारत नव्हतं. आज घोडबंदरवर शनिवारी संध्याकाळचा स्लॉट आठवडाभर आधी भरतो, तर त्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीचं मला फार मोल वाटतं.

दुखापतीबद्दल थोडं, कारण ग्रुप नेणाऱ्याची ती जबाबदारीच आहे. डोक्यावरून गेलेल्या लॉबला उलटं पावलं टाकत मागे पळायचं नाही, वळून पळायचं, नाहीतर बॉल सोडून द्यायचा. उलटं पळताना माणूस मागे पडतो, हात टेकतो आणि मनगट जातं. आमच्या लिस्टच्या खाली ही ओळ कायम असते. रनिंगचे शूज नकोत, त्यांचे तळवे सरळ धावण्यासाठी असतात, बाजूला झटकन गेलं की पाय मुरगळतो, बॅडमिंटन किंवा टेनिसचे कोर्ट शूज घालूनच या. नेटजवळ खेळणाऱ्यांनी जमलं तर खेळाचा चष्मा घालावा, प्लास्टिकचा बॉल असला तरी डोळ्याला लागला तर साधं प्रकरण नाही. ह्या जागेला फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या आणि क्रेप बँडेज कायम असतं, मागितलं की लगेच मिळतं. पावसाळ्यात बाजूने शिंतोडे येतात आणि कडेचं एक कोर्ट ओलं होतं, तेव्हा ते लोक न सांगता वायपर आणि कोरडं फडकं घेऊन येतात, आणि जास्तच असेल तर खेळ थांबवतात आणि तेवढा वेळ पुढे वाढवून देतात. मला हे फार आवडलं. पैसे घेतलेत म्हणून ओल्यावर खेळा असं नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की फिक्स स्लॉट असूनही टुर्नामेंट आली की दोन दिवस आधी फोन येतो, "मॅडम ह्या शनिवारी नाही जमणार". पैसे वळते करतात, माफी मागतात, सगळं बरोबर, पण बारा माणसांना परत सांगणं, दुसरी जागा शोधणं, तिथल्या जाळीबिळीची चौकशी करणं, हे दोन दिवसांत होत नाही. टुर्नामेंटच्या तारखा महिनाभर आधी ठरलेल्या असतात, तेव्हाच आम्हाला कळवा, एवढंच म्हणणं आहे. मी हे मॅनेजरना समोर बसून सांगितलंय आणि त्यांनी ऐकूनही घेतलंय, फरक पडला तर इथे लिहीन.

दुसरं पार्किंग, फारतर सात-आठ गाड्या, बाकी सर्व्हिस रोडवर. दोघं-तिघं मिळून एका गाडीत या. तिसरं लेडीज टॉयलेट एकच आहे, स्वच्छ आहे पण चेंजिंगला जागा नाही. आणि रात्री दहानंतर खेळू देत नाहीत कारण मागच्या टॉवरमधल्या लोकांना आवाजाचा त्रास होतो, ह्यात चूक काहीच नाही, पॅडलचा टक-टक आवाज खरंच लांबपर्यंत जातो आणि तो कडक असतो. पण मग साडेआठचा स्लॉट घेताना लक्षात ठेवा की दीड तासच मिळेल.

ट्रॅफिकचं काय सांगायचं. शनिवारी सातच्या स्लॉटला वसई-बोरिवलीकडून येणारे कधीच वेळेत पोचत नाहीत आणि पहिले दोन राऊंड आठ-नऊ जणांवरच चालतात. आम्ही मग साडेपाच ते साडेसात केलं, पावसाळ्यात सकाळी सात ते नऊ. सकाळी भावही कमी, वारा कमी, आणि काका-काकूंना सकाळच बरी पडते.

कोणी आपल्या ग्रुपसाठी इथे सुरुवात करणार असेल तर आधी बुधवार किंवा गुरुवारची सकाळ आठ जणांसाठी घेऊन बघा, एक कोर्ट, दीड तास, चौघं खेळतात चौघं बसतात, त्यात तुमच्या लोकांची लेव्हल आणि हौस दोन्ही कळेल, मग दोन कोर्टचा फिक्स स्लॉट मागा. फिक्स स्लॉट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, ॲपवर दिसत नाहीत, फोन करूनच विचारावं लागतं, आणि बोलताना "ग्रुप रोटेशन पाहिजे" असं स्पष्ट सांगा म्हणजे बोर्डवाल्या दादाची ड्युटी त्या वेळेला लावतात. सोमवारी त्याची सुट्टी असते.